मागच्या सीटवरचं ओझं

मैत्रिणींनो, गावाला कुणीही निघो, सामान कोण बांधतं? आपणच ना! लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळायची, औषधांची पिशवी वर ठेवायची, चपला वेगळ्या पिशवीत... हे शास्त्र आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण येतं.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझा भाचा दोन मित्रांबरोबर मोटरसायकलवर लेहला निघाला. बल्लारपूरहून थेट हिमालय! ताईचा जीव टांगणीला लागलेला. तिनं लाडू दिले, चिवड्याचा डबा दिला, मी जाड घोंगडी दिली. पोरानं सगळं एका लांबोड्या बॅगेत कोंबलं, ती मागच्या कॅरिअरवर उभी रचली, वर डबा ठेवला आणि दोन रबरी दोऱ्यांनी आवळलं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. तिथं पुढचं चाक उचलल्यासारखं झालं, गाडी लडबडली आणि चिवडा रस्त्यावर! हसूही आलं आणि पोटात गोळाही.

पडलेला चिवडा झाडत होता तेव्हा त्याच्या टी-शर्टकडे माझं लक्ष गेलं. दाढी, लांब केस, टोपीवर तारा. तुमच्याही मुलांच्या अंगावर हा चेहरा पाहिला असेल. कोण रे हा, म्हणून विचारलं. चे गव्हेरा, एवढं त्याला सांगता आलं. पुढं काही नाही. मला मात्र गंमत वाटली. कारण या माणसाच्या मोटरसायकलवरचं सामानही असंच धडाधड पडलं होतं, आणि त्याच प्रवासानं त्याचं आयुष्य बदललं होतं. त्याची गोष्ट मी तेव्हा भाच्याला सांगू शकले नाही, घाई होती. आज तुम्हाला सांगते.

त्याचं खरं नाव एर्नेस्तो. १९२८ साली दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात, रोसारियो शहरात जन्म. पाच भावंडांत थोरला. बाळ दोन वर्षांचं असताना त्याची आई सेलिया त्याला नदीवर पोहायला घेऊन गेली. मे महिना, म्हणजे तिकडे हिवाळा तोंडावर. बोचरा वारा सुटलेला. त्याच रात्री पोराला दम्याचा पहिला झटका आला. बस्स! दोष कुणाच्या माथी आला, सांगायला नको. नवऱ्यानं पुढं आयुष्यभर तिलाच बोल लावला. दमा काही एका दिवसाच्या पोहण्यानं लागत नाही, तो बऱ्याचदा घराण्यातूनच येतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण आईच्या मनाला कोण समजावणार?

पोरासाठी हे कुटुंब कोरड्या हवेच्या डोंगराळ गावात, आल्ता ग्रासियाला राहायला गेलं. शाळेत जायची ताकद नव्हती, म्हणून सुरुवातीचा अभ्यास आईनंच घरी घेतला. वाचायचं वेड तिनंच लावलं. आणि एक मोठं काम तिनं केलं. त्याला पांघरुणात गुंडाळून ठेवलं नाही. झाडावर चढू दे, पोहू दे, रग्बी खेळू दे! श्वास लागला की मैदानाबाहेर येऊन औषध ओढायचं आणि परत आत. सेलियाचं हे धाडस मला आजही जमणार नाही.

आजी गेली तेव्हा एर्नेस्तो तिच्या उशाशी होता. त्यानंतर त्यानं इंजिनिअरिंगचा विचार सोडला आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं. शिकत असतानाच १९५० मध्ये सायकलला छोटंसं इंजिन बसवून त्यानं उत्तर अर्जेंटिनात साडेचार हजार किलोमीटर भटकंती केली. तेव्हाच्या फोटोत त्याच्या खांद्यावर आडवे टायर अडकवलेले दिसतात. सामान म्हणजे जवळजवळ एवढंच!

त्यामानानं पुढच्या प्रवासाचं सामान म्हणजे बिऱ्हाडच होतं. त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम केलेला जीवरसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे १९३९ची ५०० सीसीची नॉर्टन मोटरसायकल होती. नाव ठेवलेलं ला पोदेरोसा, म्हणजे बलवान! डिसेंबर १९५१च्या अखेरीस दोघं कोर्दोबाहून निघाले. तंबू, पांघरुणं, कपडे, अवजारं, मांस भाजायची लोखंडी जाळी, सगळं मागच्या चाकावर लादलेलं. शिवाय एर्नेस्तोच्या प्रेयसीला द्यायला कुत्र्याचं पिल्लू, तेही पिशवीत! पिल्लू वाटेत गाडीवरून पडलं, पण बिचारं वाचलं आणि पोचलं.

गाडी मात्र सारखी पडत होती. खडीचा रस्ता आणि मागं एवढं ओझं, मग पुढचं चाक जमिनीला टेकायला मागेना. आपण लहानपणी फळीच्या झोपाळ्यावर वरखाली खेळायचो ना, तसंच हे. मागच्या चाकाच्याही मागं वजन गेलं की पुढची बाजू वर उचलते आणि हँडल हातात राहत नाही. एका दिवसात तर ते नऊ वेळा आपटले. तुटलं की तारेनं बांधायचं आणि पुढं निघायचं. शेवटी चिलीमध्ये ब्रेक गेले, गिअर गेले आणि १९५२च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बलवान कायमची आडवी झाली. ट्रकमध्ये घालून तिला सान्तियागोला नेलं आणि तिथंच सोडलं.

इथून पुढं सामान पाठीवर आलं. मला वाटतं, गोष्ट खरी सुरू होते ती इथून. गाडीवर होते तोवर हे दोघं मजा करायला निघालेले तरुण होते. पायी चालायला लागल्यावर माणसं दिसायला लागली.

वाल्पाराइसो नावाच्या बंदरात एका म्हातारीला तपासायला एर्नेस्तो गेला. घरोघर राबून पोट भरणारी बाई, दमा आणि हृदयाचा आजार. काम थांबलं तशी ती घरच्यांनाही जड झालेली. दम्याची तडफड काय असते हे याला ठाऊक. पण देणार काय? जवळच्या थोड्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि निघाला. औषधानं बरं होण्यासारखं तिचं दुखणं नव्हतंच, ते गरिबीचं होतं, हे त्याला कळलं.

पुढं वाळवंटात चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना एक मजूर जोडपं भेटलं. नवरा कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, काम शोधत निघालेला. कडाक्याची थंडी आणि नवरा-बायकोजवळ एकही पांघरूण नाही. या दोघांनी आपल्यातलं एक त्यांना दिलं आणि उरलेल्या एकात दोघं कुडकुडत झोपले. आपण कोळसा खाणींच्या मुलुखातल्या बायका. खाणीवर काम मागायला गेलेल्या माणसाच्या बायकोला रात्र कशी जाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पेरूमध्ये अॅमेझॉन नदीकाठी सान पाब्लो नावाची कुष्ठरोग्यांची वस्ती होती. जून १९५२ मध्ये दोघं तिथं काही दिवस राहिले. सहाशेच्या आसपास रुग्ण. निरोगी माणसं त्यांच्यापासून लांब राहायची. या दोघांनी हातमोजे न घालता रुग्णांचे हात हातात घेतले, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले, जेवले. एर्नेस्तोचा चोविसावा वाढदिवस तिथंच झाला. निघताना त्यांना नदीतून जायला एक तराफा बांधून मिळाला.

हे वाचताना मला राहून राहून वरोरा आठवत होतं. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, नेमक्या त्याच सुमारास, १९५१ मध्ये, बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभं करायला घेतलं होतं. इकडं माळरान, तिकडं अॅमेझॉनचं जंगल. एकमेकांचं नावही माहीत नसताना माणसं एकाच कामाला हात घालत होती. लोक ज्या हातांना शिवायला घाबरत होते, ते हात हातात घेत होती.

ऑगस्टच्या अखेरीस एर्नेस्तो घरी परतला, पुढच्या वर्षी डॉक्टर झाला. आता हा कुष्ठरोग्यांची सेवा करणार असं कुणालाही वाटलं असतं. ग्रानादोनं ते केलंही, तो व्हेनेझुएलात कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात लागला. पण एर्नेस्तो पुन्हा बाहेर पडला. ग्वाटेमालामध्ये लोकांनी निवडून दिलेलं सरकार अमेरिकेच्या मदतीनं उलथवलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मेक्सिकोत फिडेल कॅस्ट्रो भेटला. १९५६च्या अखेरीस ८२ जणांच्या बोटीतून तो क्यूबाला उतरला, तो या तुकडीचा डॉक्टर म्हणून.

आणि तिथं तो प्रसंग आला. उतरल्यावर तीन दिवसांनी सैन्यानं घेरलं. पळापळ झाली. एर्नेस्तोच्या पायाशी दोन वस्तू होत्या, औषधांची पिशवी आणि काडतुसांची पेटी. दोन्ही उचलणं शक्य नव्हतं. त्यानं काडतुसं उचलली.

मैत्रिणींनो, मी इथं बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आयुष्यभराचं सामान एका क्षणात बदललं!

पुढचं जगाला माहीत आहे. १९५९ मध्ये क्रांती जिंकली. पुढं तो मंत्री झाला. त्याआधी, १९५९ मध्येच, भारतात आला, पंडित नेहरूंना भेटला. १९६० मध्ये काढलेला त्याचा एक फोटो जगभर गेला, तोच आपल्या पोरांच्या छातीवर आहे. पण हवानाच्या किल्ल्यावर जुन्या राजवटीतल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्या शिक्षा कायम करणाराही हाच होता. हे टी-शर्टवर छापलेलं नसतं. दोन लग्नं, पाच मुलं, पण घरी पाय टिकला नाही. १९६५ मध्ये सेलिया कर्करोगानं गेली तेव्हा तो आफ्रिकेत, काँगोच्या जंगलात लढत होता. बातमी त्याला मागाहून कळली.

शेवटची लढाई बोलिव्हियात. तिथंही नशीब सामानापाशीच अडलं. त्याची दम्याची औषधं एका गुहेत लपवून ठेवलेली होती, ती १९६७च्या ऑगस्टमध्ये सैन्याच्या हाती लागली. श्वास लागलेला, खंगलेला हा माणूस ८ ऑक्टोबरला पकडला गेला. दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावातल्या छोट्या शाळेत त्याला गोळ्या घातल्या. वय ३९. त्याचे अवशेष सापडायला १९९७ साल उजाडलं, आता ते क्यूबात सान्ता क्लारा इथं आहेत.

मी त्याला देव मानत नाही आणि राक्षसही मानत नाही. शेजारच्या गडचिरोलीनं बंदुकीपायी काय सोसलंय, ते आपण जवळून पाहिलंय. गणवेशातला असो की जंगलातला, गेलेल्या प्रत्येक पोरामागं एक आई बसलेली आहे. म्हणून मला त्या औषधांच्या पिशवीचीच हळहळ वाटते. ती उचलली असती तर? उत्तर माझ्याकडे नाही.

आता भाच्याचं सांगते. तो चिवडा सांडला तेव्हा आमचे दूधवाले काका तिथून जात होते. त्यांनीच सगळं उतरवून परत बांधून दिलं. जड वस्तू खाली आणि बसणाऱ्याच्या पाठीला चिकटून. कॅनसारखं दोन्ही बाजूंना सारखं वजन. दोरी नुसत्या कॅरिअरला न अडकवता चार ठिकाणी गाडीच्या सांगाड्याला. सायलेन्सरजवळ कापड नको, बॅग टेकायला नको. दोरीची लोंबती टोकं खोचून टाकायची, नाहीतर चाकात किंवा चेनमध्ये जातात. (आपल्या ओढणीचं आणि पदराचंही तेच बरं का!) दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून गाठी परत आवळायच्या, कारण सामान बसलं की दोरी ढिली पडते. रेनकोट आणि औषधं मात्र सगळ्यात वर, लगेच हाताला येतील अशी.

पोरगा सुखरूप परत आला. येताना घोंगडी नव्हती. वाटेत रस्त्याचं काम करणाऱ्या एका बाईच्या लेकराला पांघरून आला होता. ताई रागावली, नवी घोंगडी होती म्हणून. मी काही बोलले नाही. आत जाऊन ते पुस्तक आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं.