डॉक्टर रुस्तुम जाल वकील व सर्पगंधेचे मूळ

मनुष्य जे दुखते त्याचीच चिंता वाहतो. पायात काटा रुतला तर तो वाटेतच बसून काढतो, दाढ ठणकू लागली तर रात्रीच वैद्याचे दार ठोठावतो. परंतु जो विकार ठणकत नाही, ताप आणीत नाही व अन्नावरची वासनाही मारीत नाही, त्याची वार्ता कोणी सांगितली तरी ती त्यास खरी वाटत नाही. रक्तदाब वाढण्याचा विकार ह्याच जातीचा होय. ज्यास तो जडला आहे असा मनुष्य वर्षानुवर्षे नांगर धरितो, बाजारास जातो, लग्नकार्यात पंगती वाढतो, आणि एके सकाळी अर्धांगवायूने अंथरुणास खिळतो. मग शेजारीपाजारी करणीची शंका काढतात, नाहीतर वाऱ्यास दोष देतात. ह्या मुक्या विकारावर आपल्याच देशातील एका मुळाचा गुण होतो, ही गोष्ट ज्यांनी मोजून जगापुढे मांडली, त्या मुंबईच्या डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. काळीज हे पंपाप्रमाणे रक्त धमन्यांत लोटते, आणि त्या लोटण्याने धमन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो रक्तदाब. १८९६ साली इटली देशातील रिव्हा-रोची नामक वैद्याने दंडास पट्टा बांधून त्यात हवा भरून हा जोर पाऱ्याच्या नळीवर मोजण्याची युक्ति काढली, आणि १९०५ साली कोरोटकॉफ नामक रशियन शस्त्रवैद्याने कोपराच्या आतील बाजूस नळी लावून ध्वनि ऐकण्याची रीत दाखविली. त्या दिवसापासून वैद्यांस दोन आकडे मिळू लागले. एक काळीज आकुंचन पावते त्या वेळचा व दुसरा ते विसावते त्या वेळचा. निरोगी प्रौढ मनुष्याचे हे आकडे १२० व ८० च्या आसपास असतात.

आकडा मिळाला खरा, पण उपाय मिळाला नाही. किंबहुना त्या काळच्या पुष्कळ विद्वान डॉक्टरांचे मत असे होते की धमन्या कठीण झाल्या म्हणजे रक्त पुढे ढकलण्यास अधिक जोर लागणारच. तो कमी केला तर रोग्याचीच हानि होईल. जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले डॉक्टर केम्पनर हे रोग्यांस बिनमिठाचा भात, फळे व साखर एवढ्यावर ठेवीत, आणि त्याने काहींस गुण येई. परंतु तो आहार महिनोन्‌महिने चालविणे फार थोड्यांस साधले. (आमच्या कोकणातील वाचकांनी हे वाचून भातावर भरवसा ठेवू नये, त्या भाताशेजारी सुके खारविलेले मासे नव्हते.) शस्त्रवैद्य पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू कापीत, तोही उपाय भयंकर होता. १९४५ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे डोके दुखते म्हणता म्हणता कोसळले, तेव्हा त्यांचा वरचा आकडा ३०० वर गेलेला आढळला, आणि काही तासांतच मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे प्राण गेले. पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अधिपतीपाशी उत्तम वैद्य होते, पण त्या वैद्यांपाशी चांगले औषध नव्हते.

रुस्तुम वकील ह्यांचा जन्म मुंबईस पारशी कुळात १७ जुलै १९११ रोजी झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन येथे घेतले, आणि दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वी ते स्वदेशी परतून मुंबईत हृद्रोगांचे काम करू लागले. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाशी त्यांचा संबंध जडला. हे रुग्णालय १९२६ साली उघडले. त्याला जोडलेल्या वैद्यकीय विद्यालयास शेठ गोवर्धनदास सुंदरदास ह्यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली ती अशा अटीवर की, तेथे शिकविणारे सर्व हिंदी असावेत. परकीय अंमलात अशी अट घालणे लहान गोष्ट नव्हती. पुढे जे घडले ते ह्याच मंडळींच्या कामाचा भाग आहे, म्हणून आम्ही तिचा मुद्दाम उल्लेख करितो.

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी पसरलेली नव्हती. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली व मुलुंड ही साष्टीतील गावे होती. त्यांपैकी पहिली दोन १९५० साली व पुढची दोन १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. घाटकोपर व मुलुंडकडील रोगी आगगाडीने थेट परळास उतरत. अंधेरी-बोरिवलीकडील एल्फिन्स्टन रोडला उतरून पूल ओलांडून येत. गिरणीकामगार, कोळी, भाजी विकणाऱ्या बाया, कारकून, कोकणातून नुकते आलेले तरुण, ह्या सर्वांस त्या धर्मार्थ रुग्णालयाचा आधार असे. अशा गरिबांस महागडे विलायती औषध लिहून देणे म्हणजे न देण्यासारखेच होते, हे तेथे काम करणाऱ्या कोणत्याही वैद्यास दोन दिवसांत कळून येई.

औषध तर जवळच होते. सर्पगंधा नावाचे लहान झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत ओलसर सावलीत उगवते. त्याचे कडू मूळ आपले वैद्य पुरातन काळापासून वापरीत आले, आणि बिहार प्रांतात तर त्यास पागलांची दवा असेच नाव पडले होते. १९३१ साली कलकत्त्याचे डॉक्टर गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी प्रसिद्ध केले की ह्या मुळाने वेडाचा क्षोभ शमतो व रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्ली येथे सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी ह्यांनी मुळातून पाच द्रव्ये वेगळी काढली व त्यांतील एकास हकीम अजमलखान ह्यांच्या स्मरणार्थ नाव दिले. १९३४ पासून हिमालय कंपनी ह्या मुळाच्या गोळ्या विकू लागली. तेव्हा सर्पगंधेचा शोध वकिलांनी लावला असे जे कधीकधी छापून येते ते बरोबर नाही. तसेच, आमच्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असे म्हणून जे स्वस्थ बसतात त्यांचेही आम्हांस पटत नाही. पूर्वज हे मूळ सर्पदंशावरही देत, पण त्या कामी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कोणता गुण खरा व कोणता ऐकीव, हे कोणीतरी बसून मोजावयास पाहिजे होते.

ते मोजण्याचे काम वकिलांनी केले. सुमारे दहा वर्षे ते आपल्या रोग्यांस सर्पगंधा देत होते व तिचा परिणाम टिपून ठेवीत होते. अखेर त्यांनी ५० रोगी निवडले. ज्यांचा रक्तदाब मूत्रपिंडाच्या वा दुसऱ्या कोणत्या उघड रोगामुळे वाढलेला नव्हता असेच रोगी घेतले. प्रत्येकाचा आकडा औषधापूर्वी व औषध चालू असता पुन्हा पुन्हा घेतला. चार आठवड्यांच्या शेवटी पाहतात तो दर शंभरांत ८० हून अधिक जणांचा दाब उतरलेला. वरचा आकडा सरासरीने सुमारे २१ नी व खालचा सुमारे ११ नी. हा वृत्तांत १९४९ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश हार्ट जर्नल ह्या लंडनच्या नियतकालिकात छापला गेला.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की ५० रोगी म्हणजे एका लहान मंडळीइतकीच माणसे, त्यात एवढे मोठे ते काय? ह्याचे उत्तर असे की, हजार रोग्यांस गुण आला असे सांगणारे वैद्य पुष्कळ होते, परंतु ज्यांस गुण आला नाही त्यांचीही मोजदाद ठेवून ती छापणारे थोडे होते. वकिलांनी ज्यांचा दाब उतरला नाही त्यांस लपविले नाही, आणि औषधाने नाक चोंदते, झोप येते, पातळ शौचास होते, हेही त्याबरोबर सांगितले. आमच्या मते त्यांची थोरवी येथे आहे. पुढे मिळालेल्या मानपदकांत ती तितकीशी नाही.

तो लेख समुद्रापलीकडे वाचला गेला. बॉस्टनचे डॉक्टर विल्किन्स ह्यांनी हिंदुस्थानातून गोळ्या मागविल्या व आपल्या रोग्यांवर तोच अनुभव घेऊन १९५२ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडातील बाझल नगरीत सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले व त्यास रेसरपीन हे नाव दिले. मज्जातंतूंच्या टोकाशी एक रस साठविलेला असतो, त्याच्या योगाने धमन्या आवळल्या जातात. रेसरपीन हा साठा हळूहळू रिता करिते, म्हणून धमन्या सैल पडतात. गुण यावयास दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि औषध बंद केल्यावरही काही दिवस टिकतो. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक वकिलांस मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मभूषण केले, व १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक दिले.

आता ह्या औषधाची दुसरी बाजू. मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्या काही रोग्यांचे मन इतके खिन्न होई की जीव नकोसा वाटावा, असे १९५० नंतरच्या वर्षांत दिसून आले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आठवड्याच्या बाजारात अजूनही झोळीतून मुळ्या काढून रक्तदाबावर विकणारे भेटतात. ती मुळी सर्पगंधेची आहे की दुसऱ्या कशाची, तिच्यात द्रव्य किती आहे, व घेणाऱ्याच्या मनाची स्थिति काय आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक नसते. आमचे जे उपदेशक बंधु घरोघर जातात त्यांस अशी घरे माहीत असतील. शिवाय ह्या मुळासाठी रानेची राने उपटली गेली, इतकी की सरकारास मुळांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

तरीही रक्तदाब उतरविल्याने खरोखर प्राण वाचतात काय, ह्या जुन्या वादाचा निकाल लागला तो रेसरपीनच्याच साह्याने. अमेरिकेत डॉक्टर फ्रीस ह्यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ माजी सैनिक घेतले. ७३ जणांस रेसरपीन व आणखी दोन औषधे दिली, ७० जणांस दिसावयास तशाच पण निर्गुण गोळ्या दिल्या. १९६७ साली हिशेब जाहीर झाला तेव्हा निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर मृत्यु, झटका वा तसेच भारी संकट ओढवले होते. औषधाच्या गटात केवळ दोघांवर. आणि ध्यानात घ्यावे की ह्या माणसांपैकी पुष्कळांस आरंभी काही दुखत नव्हते. डोके जड झाले म्हणजेच गोळी घ्यावयाची, एरवी ती फळीवर ठेवावयाची, अशी जी रीत आमच्या गावांत पडली आहे ती ह्या आकड्यांपुढे टिकत नाही.

वकिलांचे काम एवढ्यावर थांबले नाही. काळजाचा पुरा झटका येण्यापूर्वी काही दिवस वा आठवडे छातीत वारंवार कळा येतात, त्या पूर्वसूचनेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, व त्याच वेळी रक्त न गोठू देणारे औषध दिल्यास काय होते ह्याविषयी १९६१ व १९६४ साली लेख लिहिले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रोगनिदानावर ग्रंथही रचले.

२० नोव्हेंबर १९७४ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी दोनच महिने रेसरपीनमुळे स्त्रियांस स्तनाचा कर्करोग होतो की काय, अशी शंका लंडनच्या लॅन्सेट पत्रात प्रसिद्ध झाली होती. पुढील संशोधनात ती शंका खरी ठरली नाही. परंतु तोवर नवी औषधे आली होती, आणि डॉक्टरांनी रेसरपीन लिहून देणे बहुतेक सोडून दिले होते.