इरावतीबाई आणि वारीतला एक प्रश्न

ब्रह्मदेशात इरावती नावाची मोठी नदी आहे. त्या देशातील मिंज्यान गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी करमरकरांच्या घरी मुलगी झाली, तिचे नाव या नदीवरून ठेवले. सातव्या वर्षी ती पुण्याला हुजूरपागेत शिकायला आली आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ साली ती तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली. १९२८ साली डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची एम. ए. झाली. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न होऊन करमरकरांची मुलगी इरावती कर्वे झाली.

पुढे त्या बर्लिनला गेल्या. कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांतला फरक सिद्ध व्हावा, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापात तसे काही निघाले नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, ज्यांच्या हाती आपली पदवी त्यांच्याच मताविरुद्ध लिहायचे, याला धैर्य लागते.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

आम्हाला समाजशास्त्रात मॅक्स वेबर आहे. माणूस काय करतो एवढे पाहून भागत नाही, करणाऱ्याच्या मनात त्या कृतीचा अर्थ काय आहे ते समजून घ्यावे लागते, असे तो सांगतो. वर्गात हे जड वाटले. ‘युगान्त’ वाचल्यावर उलगडले. गांधारीने डोळे का बांधले, कर्ण शेवटपर्यंत कशासाठी झगडला, हे बाई त्या त्या माणसाच्या जागी जाऊन विचारतात.

दुसरा मीड. आपण कोण आहोत हे आपल्याला दुसऱ्यांच्या नजरेतून कळते, असे त्याचे म्हणणे. ‘परिपूर्ती’ या लेखात बाईंची ओळख सभेत घरातल्या नामवंत पुरुषांच्या नात्याने करून दिली जाते, पण त्यांना काहीतरी उणे वाटत राहते. मग रस्त्यावरची शाळकरी पोरे त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात आणि ते उणेपण भरून निघते. मला हे परके वाटले नाही. घाटकोपरच्या डोंगरावरील आमच्या वस्तीत मी भाजीवाल्या मावशींची पोरगी आहे, तर कॉलेजात हजेरीपटावरचा एक आकडा. मी एकच, पण दोन ठिकाणी माझे बोलणे-चालणे दोन तऱ्हांचे होते.

बाई पंढरीच्या वारीला पायी गेल्या होत्या. एकाच दिंडीत, एकच अभंग गात चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसत. बाईंना ते बोचले. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बाया हात धरून चालू लागल्या, घरची सुखदुःखे सांगू लागल्या, बाईंना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, की घरी आल्यावरही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? हा प्रश्न फार लागला, हे बाईंनी लपवले नाही.

एका जेवणाने परक्या बायका ताई म्हणू लागतात, म्हणजे नाती वागण्यातून घडतात. पण वाट संपली, घर आले, की तेच वागणे टिकेल काय? मीडचा सारा सिद्धान्त त्या मुलीच्या शंकेत आहे असे मला वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. उद्या पदवी मिळेल, नोकरी लागेल, मुलुंड-बोरिवलीला ब्लॉकही होईल. तेव्हा आईबरोबर मार्केटात भाजी विकणाऱ्या बाया दारात आल्या, तर हाच प्रश्न त्या मला विचारू शकतील. त्याचे उत्तर परीक्षेच्या पेपरात लिहून चालणार नाही, तेव्हा मी दार कसे उघडते यावरूनच ते त्यांना कळेल.