शाहीर पठ्ठे बापूराव : रेठऱ्याचा कुलकर्णी, तमाशाचा धनी

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची आपल्याकडे परंपरा आहे. शिवछत्रपती, लोकमान्य, ज्ञानोबा-तुकोबा यांच्यावरचे लेख आपण दरवर्षी भक्तिभावाने वाचतो. यंदा मात्र ज्यांचे नाव घरात वडीलधाऱ्यांसमोर घ्यायला आपल्या मागच्या पिढीतले लोक जरा कचरत, अशा एका माणसाची आठवण काढायची आहे. हा माणूस तमाशाच्या फडाचा मालक होता, रात्रीच्या करमणुकीचा धंदा करणारा होता, आणि जातीने ब्राह्मण होता. त्याचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. अख्खा महाराष्ट्र त्याला पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो.

म्हैसूर, बन्नूर आणि आजूबाजूच्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत सांगली जिल्ह्यातली घरे बरीच आहेत. सोन्याचांदीच्या गलाईच्या निमित्ताने खानापूर, विटा, आटपाडी, तासगाव या भागांतले लोक दक्षिणेतल्या बाजारपेठांपर्यंत पोचले, हे नव्याने सांगायला नको. बापूराव त्याच मुलखातले. वाळवा तालुक्यातले कृष्णाकाठचे रेठरे हरणाक्ष हे त्यांचे गाव. तिथे ११ नोव्हेंबर १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरात गावचे कुलकर्णीपण. इथल्या आपल्या कन्नड सहकाऱ्यांना समजावे म्हणून सांगतो, म्हैसूर भागात ज्यांना शानुभोग म्हणत तेच आपल्याकडचे कुलकर्णी. गावचा जमाखर्च, शेतसाऱ्याच्या वह्या, सारे यांच्या दप्तरात. पिढीजात वतन, पिढीजात मान.

मुलगा हुशार होता. शिक्षणासाठी तो औंधला राहिला. आणखी चार इयत्ता शिकून एखाद्या कचेरीत चिकटला असता, नाहीतर गावी येऊन दप्तर सांभाळत बसला असता, तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. पण कान वेगळ्याच आवाजाकडे लागलेले होते. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्या आणि रात्री गावकुसाबाहेर वाजणारी ढोलकी हे त्यांचे दोन गुरू, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. ओवीच्या चालीवर शब्द बसवता बसवता ते लावण्या रचू लागले.

आता तो मुलूख कसा होता तेही पाहायला हवे. तमाशाच्या इतिहासात आपला सांगली-सातारा भाग फार महत्त्वाचा आहे. तमाशातले नाट्य म्हणजे वग. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमाबाबू यांच्या फडाने १८६५ मध्ये सादर केलेला मोहना-बटाव हा पहिला वग मानला जातो. म्हणजे बापूराव जन्मले त्याच्या आदल्याच वर्षी. कलगीवाले आणि तुरेवाले यांचे रात्र रात्र चालणारे सवाल-जवाब तर गावोगावी होते. शक्ती थोर की शिव थोर, यावर अडाणी म्हणवणारे लोक पुराणे कोळून प्यायल्यासारखे भांडत. उत्तर कर्नाटकात गीगी पदे गाणारे हरदेशी आणि नागेशी हे गट आहेत, ते या कलगी-तुऱ्याचेच भाऊबंद. तेव्हा ही कला एकट्या महाराष्ट्राची, असे म्हणण्याचे कारण नाही.

ज्या तरुण वाचकांनी तमाशा फक्त चित्रपटात पाहिला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. तमाशाची सुरुवात आपल्या गणरायापासूनच होते. ढोलकी, हलगी, तुणतुणे, मंजिरी यांचा ठेका जमला की आधी गण गायचा. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि ती ठसकेबाज मावशी. त्यानंतर बतावणी, लावण्या, आणि मध्यरात्रीनंतर वग, तो पार उजाडेपर्यंत. सोंगाड्या ऐनवेळी गावच्या पाटलाचीही टोपी उडवायचा. या सर्व प्रकारांत बापूरावांनी रचना केल्या. त्यांचे गण आजही फडावर गायले जातात. मुंबई शहराचे वर्णन करणारी त्यांची लावणी म्हणजे त्या काळच्या मुंबईचा नकाशाच आहे. मिठाराणीचा वग विशेष गाजला. त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असे म्हटले जाते. हा आकडा शाहिरी थाटाचा आहे, हिशेबाचा नव्हे. कुलकर्ण्याच्या दप्तरात तो कोणी मांडला नसता! पण रचना विपुल होती आणि ती इतर फडांनीही उचलली, यात शंका नाही.

नुसत्या लावण्या रचल्या असत्या तर गावाने कदाचित कौतुकही केले असते. ब्राह्मण शाहीर काही नवे नव्हते. पेशवाईत सोलापूरचे रामजोशी आणि संगमनेरचे अनंत फंदी होऊन गेले. पण त्या दोघांची कथा कशी सांगतात ते लक्षात घ्यावे. रामजोशी मोरोपंतांच्या प्रभावाने आणि अनंत फंदी अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळले, असे सांगून आपण त्यांना पुन्हा घरात घेतो. बापूराव वळले नाहीत. त्यांनी वतन सोडले, स्वतःचा फड उभा केला, महार-मांग कलावंतांबरोबर राहिले, जेवले, गावोगाव हिंडले. नातलगांनी आणि जातीने त्यांना टाकले. ज्या काळात पंक्तीला सावली पडली तरी विटाळ होई, त्या काळातली ही गोष्ट आहे. माझ्या मते त्यांच्या चरित्रात लावण्यांइतकीच मोठी गोष्ट ही आहे.

त्यांच्या भाग्योदयात एका स्त्रीचा अर्धा वाटा आहे आणि ती उपेक्षित राहिली आहे. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळाबाई, लोकांच्या तोंडी नामचंद पवळा. ही महार समाजातली. त्या काळी तमाशात बाईचे काम मिशा काढलेला नाच्या पोरगा करी. बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचे नाव घेतले जाते. तिचे रूप, तिचा आवाज आणि बापूरावांची रचना असा योग जुळल्यावर फडाला गर्दी आवरेना. ग्रँट रोडच्या पिला हाऊस भागातली थिएटरे, गिरणीकामगारांची वस्ती, सगळीकडे या दोघांचे नाव झाले. कोकण-घाटावरून पोटासाठी मुंबईत आलेला, बायकामुले गावी ठेवून दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा गिरणीवाला बारा तास साच्यावर उभा राहून रात्री तिकीट काढून फडापुढे बसे. परमुलखात आल्यावर आपल्या बोलीतले चार शब्द कानावर पडले की काय वाटते, ते आपणा सर्वांना माहीत आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांसमोरही बापूरावांचा तमाशा झाला. गुणी माणसाची जात न पाहणारा तो राजा होता.

फडमालकाचा धंदा मात्र सोपा नसतो. सुपारी घ्यायची, गाड्या-बैल जोडायचे, वीस-पंचवीस माणसांची पोटे भरायची, पावसाळ्यात काम नसले तरी कलावंतांना उचल द्यायची, जत्रेत एखाद दिवशी दंगा झाला की बिदागी बुडायची. दौलतजादा उधळणारे शौकीन एका रात्रीचे, कर्ज मात्र वर्षाचे. गलाईच्या दुकानात बसणाऱ्यांना मुशीतली घट कशी असते ते कळते. तमाशाच्या पैशातली घट त्याहून मोठी. बापूराव लेखणीचे धनी होते, हिशेबाचे नव्हते. पुढे पवळाशी बेबनाव झाला, ती फडातून गेली आणि उतरती कळा लागली.

याच आयुष्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती गौरवग्रंथातून सहसा गाळली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह केला. त्या सुमारास बापूराव पवळासह बाबासाहेबांना भेटायला गेले आणि आपल्या काही खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्याच समाजाच्या मुक्तीसाठी घ्यायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्या माणसाने जात सोडून आयुष्य त्या वस्तीत काढले त्याला हा नकार किती लागला असेल! पण बाबासाहेबांचेही म्हणणे खोडता येत नाही. फडावर टाळ्या बापूरावांच्या शब्दांना पडत. नजरा आणि शिव्या मात्र पवळाला झेलाव्या लागत. ब्राह्मण शाहीर बदनाम झाला तरी शाहीरच राहिला, तिला मात्र तमासगिरीण हेच नाव चिकटले. बापूरावांवर प्रेम करणाऱ्यानेही ही बाजू पाहिली पाहिजे, असे आम्हाला वाटते. यावर घरोघरी वाद होतील, आणि व्हावेत.

अखेरची वर्षे हलाखीची गेली. रुपयांच्या राशी ज्यांच्यासमोर पडल्या त्यांना म्हातारपणी औषधपाण्याची भ्रांत पडली. बरोबरीचे शाहीर गेले, सिनेमा आला, थिएटरांचे पडदे पांढरे झाले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचा देह पडला. वय ७९. पवळाबाई त्यांच्या आधीच गेली होती, तीही गरिबीतच.

मरणानंतरची कथा आणखी चमत्कारिक आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री होते. हजारो कलावंतांच्या चुली विझायची वेळ आली. मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ढोलकी पुन्हा वाजू लागली. लगोलग १९५० मध्ये राजा नेने यांनी पठ्ठे बापूराव याच नावाचा बोलपट काढला. म्हणजे ज्या धंद्यावर काल बंदी, त्याच्या धन्यावर आज सिनेमा. ज्यांच्या घरी तमाशाचे नाव काढायची सोय नव्हती तेही तिकीट काढून गेले असतील. पुढे पुणे महापालिकेने त्यांच्या नावाचा पुरस्कार तमाशा कलावंतांसाठी ठेवला.

रात्रीच्या करमणुकीबद्दलचा आपला हा गोंधळ जुनाच आहे. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बार बंद झाले, तेव्हा गृहमंत्री होते आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. आबांचा हेतू चांगला होता हे त्यांचे विरोधकही मान्य करत. पण बार बंद झाल्यावर त्या बायका गेल्या कुठे, हा प्रश्न १९४८ च्या सुमारास जितका अवघड होता तितकाच तेव्हाही होता.

पवळाबाईंची दखल घ्यायला मात्र बराच उशीर झाला. इतिहासाच्या प्राध्यापिका शैलजा पाईक या मूळ पुण्याच्या येरवड्याच्या, आता अमेरिकेत शिकवतात. तमाशा आणि दलित स्त्रिया या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पवळाबाईंच्या आयुष्याचा विचार केलेला आहे. २०२४ मध्ये पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिप हा तिकडचा मोठा सन्मान मिळाला. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्याचे नाव घेताना हिवरगावच्या पवळाचे नाव आता परदेशातल्या वर्गातही घेतले जाते.