वसतिगृहातील चित्रकथाकार : रोदोल्फ टोपफेर

आधुनिक चित्रकथेचा उगम अनेक अभ्यासक एका निवासी शाळेत शोधतात. ती शाळा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात होती आणि तिचे चालक व शिक्षक होते रोदोल्फ टोपफेर.

टोपफेर यांचा जन्म ३१ जानेवारी १७९९ रोजी झाला. वडील नामांकित चित्रकार होते. पुत्रानेही तोच मार्ग धरला असता. परंतु नेत्रविकारामुळे त्यांना ती आशा सोडावी लागली. ते अध्यापनाकडे वळले आणि १८२४ मध्ये त्यांनी मुलांसाठी स्वतःची निवासी शाळा काढली. सुट्टीत ते विद्यार्थ्यांसह आल्प्सच्या परिसरात पायी भ्रमंती करीत.

याच शाळेत १८२७ मध्ये त्यांनी पहिली चित्रकथा रेखाटली. एकापुढे एक चौकटी, प्रत्येकीत चपळ रेषांची गमतीदार माणसे आणि खाली स्वतःच्या हस्ताक्षरातील मजकूर, असे तिचे रूप होते. चित्र आणि शब्द एकमेकांवाचून अपुरे राहावेत, ही त्यांची दृष्टी होती. विद्यार्थ्यांच्या रंजनासाठी काढलेल्या या वह्या महाकवी गटे यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांची दाद मिळाली. तरीही १८३२ मध्ये अकादमीत प्राध्यापक झालेल्या टोपफेरांना असले विनोदी साहित्य प्रसिद्ध करण्याचा संकोच वाटे. श्रीयुत जाबो यांची कथा १८३३ मध्ये छापली गेली, ती वाचकांसमोर आली १८३५ मध्ये. विशेष शाईने कागदावर काढलेले चित्र दगडावर उमटवून ते छापीत. त्यामुळे अक्षरे उलटी लिहावी लागत नसत, आणि हाताची मूळ रेष कायम राही.

१८३७ च्या श्रीयुत क्रेपँ यांच्या कथेत अकरा मुलांचा बाप शिक्षणाच्या नाना पद्धतींच्या फेऱ्यात सापडतो. त्यात कवटीवरील उंचवट्यांवरून बुद्धी ठरविणाऱ्या तथाकथित शास्त्राची यथेच्छ टर उडविली आहे. १८४५ च्या मुखचर्येवरील निबंधात त्यांनी हाच विचार गंभीरपणे मांडला : चेहऱ्यावरील क्षणिक भाव मनःस्थिती सांगतात, परंतु कपाळ-नाकाच्या जन्मजात ठेवणीवरून माणसाची बुद्धी वा शील निश्चित करता येत नाही.

आपल्याला हा विचार जवळचा वाटावा. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे मत बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांच्याच आधारे खोडून काढले. दोघांचे देश, काळ आणि हेतू भिन्न होते. जन्मजात शरीरावरून माणसाची प्रत ठरविण्यास नकार मात्र दोघांकडेही आढळतो.

टोपफेर सर्वच बाबतींत पुरोगामी होते, असे नाही. राजकारणात ते सनातनी वृत्तीचे होते आणि १८४५ मधील अखेरच्या चित्रकथांपैकी एकीत त्यांनी परिवर्तनवाद्यांनाच लक्ष्य केले. मात्र चित्रकथा मुलांपर्यंत आणि सामान्य जनतेपर्यंत विशेष प्रभावीपणे पोहोचते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. ८ जून १८४६ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या माध्यमाचे सामर्थ्य आपल्या समाजानेही अनुभवले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भीमायन’ या चित्रकथेत दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचे जीवन साकारले. पालकांना म्हणूनच एक विनंती : वहीच्या समासात चित्रे काढणाऱ्या पाल्याला रागावण्यापूर्वी त्याचे चित्र एकदा निरखून पाहावे, आणि त्यातली गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकावी.