गुलामाचा मतदार झाला तेव्हा : राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे जीवन

पूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, हे तुमच्या घरातील लहान मूलही सांगेल. त्या विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर, हडसन नदीच्या काठी, दगडी घुमटाची एक भव्य समाधी आहे. ती १८९७ साली पूर्ण झाली, म्हणजे बाबासाहेब तेथे शिकत होते तेव्हाही ती उभी होती. ही समाधी अमेरिकेचे १८ वे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची होय. गुलामगिरी संपली म्हटले की आपणास अब्राहम लिंकन आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बेडी तुटल्यानंतर त्या माणसांचे पुढे काय झाले, हे समजून घ्यावयाचे तर ग्रँट यांचे चरित्र पाहावे लागते.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो प्रांतात झाला. बाप जेसी ग्रँट हा कातडी कमावण्याचा धंदा करी. मुलाला त्या कारखान्याचा वास आणि रक्ताने माखलेली कातडी बिलकूल सोसत नसे. घोडे मात्र त्याला जीव की प्राण. तुम्ही म्हणाल, चामड्याचे काम करणाऱ्याचा मुलगा राष्ट्राध्यक्ष कसा झाला? आपल्याकडे ह्या धंद्याने माणसांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवले. तेथे तसे नव्हते. जेसी ग्रँट ह्याच धंद्यावर पैसा आणि गावात मान मिळवून बसला होता. त्या देशात हातातले चामडे आडवे येत नसे, अंगावरच्या कातडीचा रंग आडवा येत असे.

बापाने मुलाला १८३९ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत घातले. तेथे शिफारस करणाऱ्या खासदाराने नाव चुकीचे लिहिले, आणि हायरम युलिसिस ग्रँटचा कायमचा युलिसिस एस. ग्रँट झाला. १८४३ साली ३९ जणांत त्याचा क्रमांक २१ वा आला. मेक्सिकोच्या युद्धात तो शौर्याने लढला, पण बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर लादलेले ते अन्यायी युद्ध होते, असे त्याने उतारवयात स्वच्छ लिहून ठेवले.

१८४८ साली ग्रँट यांनी ज्यूलिया डेंट हिच्याशी लग्न केले. तिचा बाप मिसूरीतला मळेवाला, पदरी गुलाम बाळगणारा. ग्रँट यांचे आईबाप गुलामगिरीच्या विरुद्ध असल्याने ते लग्नालाही आले नाहीत. १८५४ साली ग्रँट यांनी लष्कर सोडले आणि सासऱ्याने दिलेल्या जमिनीवर शेती सुरू केली. शेती बुडाली. एकेकाळचा हा कॅप्टन सेंट लुईसच्या रस्त्यावर सरपणाची गाडी उभी करून लाकडे विकू लागला. १८५७ च्या नाताळात घरात पैसा नव्हता, म्हणून त्यांनी सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकले.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक ऐका. ह्याच दिवसांत सासऱ्याकडून त्यांच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. म्हणजे गुलामांना पुढे मतदार करणारा हा माणूस काही काळ स्वतः एका माणसाचा मालक होता. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मार्च १८५९ मध्ये ग्रँट कोर्टात गेले आणि त्यांनी जोन्सला मुक्त करण्याचा कागद करून दिला. त्याला बाजारात विकले असते तर कित्येक महिन्यांची ददात मिटली असती. उसनवारीवर दिवस काढणाऱ्या माणसाने ते केले नाही. पत्नीच्या माहेरची गुलामगिरी मात्र तशीच चालू राहिली, आणि तिच्यावर त्यांचे घर चालत होते.

१८६१ साली दक्षिणेच्या गुलामधारी प्रांतांनी बंड पुकारले, तेव्हा ३८ वर्षांचे ग्रँट इलिनॉय प्रांतात गलीना गावी, बापाच्या चामड्याच्या दुकानात होते. तीन वर्षांत हा दुकानदार देशाचा सरसेनापती झाला. त्या लढायांची सगळी हकीकत येथे सांगत नाही. फोर्ट डोनल्सन, शायलो, आणि ४ जुलै १८६३ रोजी शरण आलेले व्हिक्सबर्ग, एवढी नावे पुरेत. कोल्ड हार्बर येथे १८६४ साली त्यांनी चुकीचा हल्ला करून हजारो माणसे गमावली, त्याची खंत त्यांना जन्मभर राहिली. डिसेंबर १८६२ मध्ये त्यांनी आपल्या लष्करी मुलुखातून सर्व यहुदी लोकांना हाकलण्याचा हुकूम काढला. काही व्यापाऱ्यांच्या काळ्या बाजाराचा राग त्यांनी सबंध समाजावर काढला. लिंकन यांनी तो हुकूम रद्द करावयास लावला. जन्मावरून माणसाला दोषी ठरविण्याचा हा प्रकार त्यांच्या नावावरचा डाग आहे, आणि पुढे त्यांना स्वतःलाही त्याची लाज वाटे.

पण आपणास महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट लढायांच्या मागे घडत होती. सैन्य दक्षिणेत शिरू लागले तसे मळ्यांवरचे गुलाम बायकामुलांसह पळून सैन्याकडे येऊ लागले. ग्रँट यांनी त्यांना परत धाडले नाही. जॉन ईटन ह्या धर्मोपदेशकाला त्यांनी १८६२ च्या नोव्हेंबरात ह्या कामावर नेमले. तळ घातले, कापूस वेचण्याचे काम दिले, कामाची मजुरी दिली. जे हात आयुष्यभर फुकट राबले होते त्यांत पहिल्यांदा मजुरी पडली. काळे पुरुष सैन्यात भरती झाले आणि मिलिकेन्स बेंड येथे जून १८६३ मध्ये हातघाईवर लढले. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत बंडखोर काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने मोजावयास तयार होईनात, तेव्हा ग्रँट यांनी अदलाबदलीस नकार दिला.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे बंडखोरांचा सेनापती ली शरण आला. शरणागतीच्या अटींची पक्की प्रत ज्याने लिहिली तो ग्रँट यांचा सहकारी ईली पार्कर, सेनेका ह्या मूळ रहिवासी जमातीचा होता. पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. १८६५ च्या १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. पण दक्षिणेच्या प्रांतांनी लगेच नवे कायदे केले : काळ्या माणसाजवळ मळेवाल्याशी केलेला करार नसला की तो भटक्या ठरे, त्याला पकडून दंड करीत आणि दंड फेडण्यासाठी पुन्हा मळ्यावर जुंपीत. नवे राष्ट्राध्यक्ष ॲन्ड्र्यू जॉन्सन ह्यांची सहानुभूती गोऱ्यांकडे होती. मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स येथे १८६६ साली काळ्यांच्या कत्तली झाल्या. ह्या सर्वांनी ग्रँट यांचे मन बदलत गेले. लढाई जिंकली पण शांतता हातची जाते आहे, हे त्यांनी ओळखले. १८६८ च्या निवडणुकीत ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्या विजयात दक्षिणेतील लाखो नव्या काळ्या मतदारांचा वाटा होता. जे तीन वर्षांपूर्वी विकले जात होते त्यांनी देशाचा प्रमुख निवडला!

३० मार्च १८७० रोजी १५ वी घटनादुरुस्ती अमलात आल्याचे जाहीर झाले. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी ह्या कारणावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे तीत ठरले. (स्त्रिया मात्र, काळ्या काय आणि गोऱ्या काय, बाहेरच राहिल्या.) त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले काळे गृहस्थ ठरले.

मत मिळाले, पण मतपेटीपर्यंत जाऊ कोण देणार? रात्री बुरखे घालून येणारी कु क्लक्स क्लॅन ही टोळी मतदारांना घराबाहेर ओढून फटके मारी, शाळा जाळी, पुढाऱ्यांना ठार करी. गावचा शेरीफ त्यांच्यातला, साक्षीदार घाबरलेले, ज्यूरी त्यांचीच. खटला उभाच राहत नसे. कायदा चांगला असूनही गावात त्याचे काय होते, हे तुम्हाला मी वेगळे सांगावयास नको.

ग्रँट यांनी येथे हिंमत दाखविली. १८७० साली केंद्र सरकारचे न्याय खाते स्थापन झाले. त्याचे प्रमुख म्हणून त्यांनी जॉर्जियाचे एमस ॲकरमन यांना नेमले. हे गृहस्थ पूर्वी बंडखोरांच्या बाजूने लढलेले, पण पालटले ते मनापासून पालटले. एप्रिल १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करून सैनिकांनी शेकडोंना पकडले. कोलंबिया ह्या त्या प्रांताच्या राजधानीत खटले चालले, आणि ज्यूरीत बहुसंख्य काळे होते. १८७२ पर्यंत क्लॅनचा कणा मोडला.

मात्र ॲकरमन त्या वेळी खुर्चीवर नव्हते. त्यांच्या निर्णयांनी रेल्वे कंपन्या दुखावल्या होत्या, आणि मंत्रिमंडळातील काहींना रोज क्लॅनची हकीकत ऐकण्याचा कंटाळा आला होता. ग्रँट यांनी डिसेंबर १८७१ मध्ये त्यांचा राजीनामा मागितला. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी चूक. चोर ओळखण्यात हा सेनापती कच्चाच होता; त्यांच्या भोवतीच्या माणसांनी दारूवरील करात अफरातफर केली, युद्धमंत्र्याने लाच खाल्ली. परंतु ते घोटाळे पैशाचे होते. ॲकरमनसारखा माणूस गेला त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली.

१८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी तेथे ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने कचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्यांची कत्तल केली. कमीत कमी साठ आणि काहींच्या मते दीडशे माणसे मारली गेली. कित्येकांना तर शरण आल्यावर मारले. सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली त्यातले दोषी सोडून दिले. मध्यंतरी बँका बुडाल्या, मंदी आली, आणि उत्तरेच्या गोऱ्या मतदाराला दुसऱ्याच्या हक्काची काळजी जड वाटू लागली.

१८७५ साली मिसिसिपीत निवडणूक होती. काळे तेथे बहुसंख्य. गोऱ्या टोळ्या उघड बंदुका घेऊन फिरत होत्या. गव्हर्नर एम्स यांनी सैन्य मागितले. ग्रँट यांनी पाठविले नाही. पुढे मिसिसिपीचे काळे खासदार जॉन लिंच यांनी कारण विचारले. सैन्य पाठविले तर ओहायोतील निवडणूक हातची जाईल असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्यांनी सांगितल्याचे लिंच यांनी लिहिले आहे. ओहायो मिळाले, मिसिसिपी गेले. १८७७ नंतर उरलेली दक्षिणही गेली. साक्षरतेची परीक्षा, मतदानाचा कर अशा युक्त्यांनी १५ वी दुरुस्ती कागदावर ठेवूनच मत काढून घेण्यात आले. ते खऱ्या अर्थाने परत मिळावयास १९६५ साल उजाडावे लागले. १८७१ च्या क्लॅनविरोधी कायद्यातील एका कलमावर मात्र तेथील नागरिक अजूनही सरकारी अधिकाऱ्यांवर दावे लावतात.

पद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासास निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईसही आले. १८८४ साली भागीदाराने फसवून त्यांना कफल्लक केले, आणि त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. पत्नीसाठी चार पैसे ठेवावेत म्हणून त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या. बोलता येईना, अन्न गिळवेना, तरी लिहीत राहिले. हस्तलिखित पुरे केल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले. मार्क ट्वेन यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि ज्यूलियाला त्याचे सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

ते दोन्ही खंड युद्धाच्या शेवटापाशी थांबतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांबद्दल त्यांत जवळजवळ काहीच नाही. ती हकीकत हवी असेल तर अमेरिकन संसदेच्या समितीने १८७२ साली छापलेले १३ खंड पाहावे लागतात. रात्री दाराशी कोण आले, बुरख्याआडचा आवाज कोणाचा होता, किती फटके बसले, हे सांगावयास दक्षिणेतील काळे शेतकरी, मजूर आणि त्यांच्या बायका समितीपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी शपथेवर नावे घेतली, आणि मग ज्या गावात ते लोक राहत होते त्याच गावी परत गेल्या.