बंदिवासांतील जपमाळ

ह्या ज्युबिलीच्या आनंदांत आमच्या धर्मग्रामांतील जीं कुटुंबें आजार, कर्ज किंवा वियोग ह्यांनीं गांजलेलीं आहेत, त्यांस उत्सवाचा घंटानाद परका वाटत असेल, हें आम्ही जाणतों. मुख्यतः त्यांच्याकरितांच संत जोसेफ वाझ ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

गोमंतकांतील बाणावली गांवीं ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं त्यांचा जन्म झाला. सन १६७६ त त्यांस धर्मगुरुदीक्षा मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं, ता. ५ ऑगस्ट रोजीं, आपण पवित्र मरियेचे कायमचे गुलाम आहों असा लेख त्यांनीं सांकवाळ येथें स्वहस्तें करून दिला. ज्या गोव्यांत त्या काळीं माणसांची खरेदी-विक्री चाले, तेथें कुलीन घरच्या तरुणानें स्वतःस गुलाम म्हणवावें, ही गोष्ट लहान नव्हे.

लंकेंत डचांनीं कॅथलिक उपासना बंद पाडून धर्मगुरूंस घालवून दिलें होतें. हें ऐकून सन १६८७ त वाझ मजुराच्या वेषानें, जुवांव नांवाच्या विश्वासू सेवकासह, जाफना प्रांतीं पोहोंचले. तेथें अतिसारानें दोघेही मरणाच्या दारीं टेकले. बरे होतांच गळ्यांत जपमाळ घालून वाझ भिकाऱ्यासारखे दारोदार हिंडूं लागले. माळ पाहून ज्याचे डोळे चमकत, तें घर आपलें असें त्यांनीं ओळखावें.

सन १६९२ त ते कँडी शहरीं आले, तों पोर्तुगेजांचे हेर समजून राजानें त्यांस कैदेंत टाकलें. तेथें त्यांनीं सिंहली भाषेचा अभ्यास आरंभिला, आणि हातांनीं एक खोपी उभारून तींत वेदी मांडली. दुष्काळांत त्यांनीं भर चौकांत क्रूसापुढें गुडघे टेकले व पाऊस कोसळला, परंतु त्यांच्या अंगावर थेंबही पडला नाहीं, अशी परंपरा आहे. प्रवचनांत ही कथा सर्वांस आवडते. आमच्याही मुखीं ती अनेकदां येते. तथापि आमचें मन त्या खोपींतच अधिक रमतें. तेथें ना पाऊस पडला, ना बेड्या गळाल्या. दार लवकर उघडलें नाहीं, तरी माळेचे मणी रोज सरकत राहिले. ज्यांच्या घरीं वर्षानुवर्षें एकच मागणें पडून आहे, त्यांस हा भाग अधिक जवळचा वाटेल.

पुढें राजाची कृपा झाली व धर्मोपदेशाची मोकळीक मिळाली. सन १६९७ त कँडींत देवीची सांथ आली. राजा शहर सोडून गेला. नातलग रोग्यांस टाकून पळाले. वाझ मात्र राहिले. त्यांनीं रोग्यांस भरविलें, त्यांचे व्रण धुतले, बेवारस प्रेतें पुरलीं. ह्यांत ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हा भेद त्यांनीं केला नाहीं.

ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांनीं देह ठेवला. सन २०१५ त, ता. १४ जानेवारी रोजीं, पोप फ्रान्सिस ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. त्या दिवशीं लोक लक्षावधि जमले. पण त्यांची कबर नेमकी कोठें आहे, हें मात्र आज कोणासही दाखवितां येत नाहीं.