दहा गुंठ्यांचं गणित

आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी विश्वेश्वरय्या, जेआरडी आणि कलामसाहेब यांच्यावर लेख असतातच, आणि असायलाच हवेत. यंदा मात्र मी एका गणिताच्या मास्तरांबद्दल लिहायचं ठरवलं आहे. त्यांनी धरण बांधलं नाही की रॉकेट सोडलं नाही. त्यांनी द्राक्षाचं पान मोजलं! त्यांचं नाव श्रीपाद अच्युत दाभोळकर. (अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉ. नरेंद्र दाभोळकर वेगळे, हे आधीच सांगितलेलं बरं. हॉस्टेलवर तिघींनी हाच प्रश्न विचारला.)

श्री. अ. दाभोळकरांचा जन्म १९२४ चा. योगायोग बघा, त्याच वर्षी युरोपात कोबरविट्झ या गावी रुडॉल्फ स्टायनर नावाच्या विचारवंताने शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतांनी जमिनीचा कस जातोय, ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. त्या व्याख्यानांतून बायोडायनॅमिक शेती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं आणि चंद्र-ग्रहांची स्थिती बघून कामं करायची, अशी ही पद्धत. पुढे फ्रान्समधल्या शॅम्पेन भागातल्या काही छोट्या बागायतदारांनी ती उचलली. फ्लरी नावाच्या कुटुंबाने १९८९ मध्ये आपली बाग त्या पद्धतीवर नेली. तिथे बहुतेक बागा छोट्या शेतकऱ्यांच्या आहेत, पण बाजारात नाव मोठ्या कंपन्यांचं. शॅम्पेनच्या बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं, त्यातून बुडबुडे येतात आणि आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. हे मेकॅनिकलवाल्यांसाठी!

आता आपल्याकडे येऊ. दाभोळकर गणित शिकलेले, गणित शिकवणारे. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट जाणवली. शेतकरी दुसऱ्याने सांगितलेलं करतो, खत दुकानदार सांगेल तेवढं टाकतो, पण आपल्याच शेतात काय घडतंय याची नोंद ठेवत नाही. म्हणजे लॅबमध्ये रीडिंग न घेता जर्नल पूर्ण करण्यासारखंच! (आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) मग १९६० च्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, एवढंच त्याचं सूत्र. तज्ज्ञ वर आणि शेतकरी खाली, ही उतरंडच त्यांनी मोडून टाकली.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात या विचाराला खरं पीक आलं. कमी पावसाचा मुलूख. तिथल्या बागायतदारांनी पानं मोजायला सुरुवात केली. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एका घडाला पोसायला साधारण दहा ते पंधरा चांगली पानं लागतात. पानं कमी पडली तर मणी बारीक राहतात आणि साखर भरत नाही. पानांची फार गर्दी झाली तर आतल्या पानांना ऊन मिळत नाही आणि रोग वाढतो. म्हणजे काडी किती ठेवायची आणि घड किती ठेवायचे, हा निव्वळ हिशेब झाला. याच तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉम्पसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण मिळालं. बागेत रोज डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यालाच अशी वेगळी काडी दिसते.

दाभोळकरांची मूळ कल्पना आपल्याला चटकन समजेल अशी आहे. शेत म्हणजे सूर्याची ऊर्जा पकडण्याचं यंत्र, आणि पान हा त्याचा सोलर पॅनेल. मी स्वतः आकडेमोड करून पाहिली. दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. म्हणजे दहा गुंठ्यांवर जवळजवळ एक मेगावॉट! पीक त्यातलं जेमतेम एक टक्का धरून ठेवतं. उघड्या जमिनीवर पडलेलं ऊन तर पूर्ण वाया. म्हणून जमीन सदा हिरवी ठेवा, पानाचं क्षेत्र वाढवा, आणि पडलेला पालापाचोळा जाळू नका, तो कुजवून जिवंत माती बनवा, असा त्यांचा आग्रह होता. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर नीट जगू शकतं, अशी त्यांची मांडणी होती. १९९८ मध्ये त्यांचं ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे इंग्रजी पुस्तक आलं. त्याआधी १९८५ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला होता. २००१ मध्ये ते गेले. पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाडा इथे नर्मदेकाठी हेच काम चालवलं.

स्टायनर आणि दाभोळकर यांच्यात मला दाभोळकर जास्त पटतात. दोघांनाही शेण आणि जिवंत माती महत्त्वाची. पण ग्रहांचा परिणाम मी कसा मोजू? पान मात्र फूटपट्टीने मोजता येतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. फोटोसिंथेसिसचं समीकरण मला झोपेतही येतं, पण प्रकाशसंश्लेषण हा शब्द मी दाभोळकरांमुळे शिकले.

कुणी म्हणेल, कॉम्प्युटरच्या पोरीला हे कशाला? तर माझं गाव लासुर्णे, तालुका इंदापूर. एका बाजूला वालचंदनगर, दुसऱ्या बाजूला भवानीनगर. ब्रिटिशांच्या काळातल्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि सगळीकडे ऊसच ऊस. पाणी पाजून पाजून कित्येक जमिनी चोपण झाल्या, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. आमच्या तीन एकरांतल्या एका एकराची हीच गत. तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या काळात तिथे ज्वारी डोक्याएवढी व्हायची म्हणतात. दिवाळीत त्या एकराला प्लॉटिंगवाल्याचं गिऱ्हाईक आलं. काका विकायला तयार. पप्पा गप्प होते, कारण माझी आणि भावाची फी त्यांनाच भरायची आहे.

मी पप्पांना दाभोळकरांबद्दल सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी सरळ प्रश्न केला. दहा गुंठ्यांवर पोटाला मिळेल, मान्य. पण हॉस्टेलची फी कुठल्या पानातून काढायची? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि दाभोळकरांच्या मांडणीतली खरी अडचण मला तिथेच दिसली. पोट भरणं आणि रोख पैसा ही दोन वेगळी गणितं आहेत. शिवाय चोपण जमिनीला नुसता पालापाचोळा पुरत नाही, आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो. शेवटी आमचं असं ठरलं की गिऱ्हाइकाला एक वर्ष थांबवायचं. दहा गुंठ्यांत चर काढायचे, ताग पेरून गाडायचा आणि दर महिन्याला मातीचा ईसी-पीएच तपासून वहीत लिहायचा. वही पप्पांची, ग्राफ माझे. आतापर्यंत पाच महिन्यांच्या नोंदी झाल्यात. वर्षाच्या शेवटी आकडा जे सांगेल ते काकांनाही मान्य आणि मलाही. जमीन गेली तरी तपासून गेली, एवढं तरी म्हणता येईल.

आता थोडं आपल्या कॅम्पसबद्दल. हॉस्टेलच्या मागे रोज पाला जाळतात आणि मेसचं उरलंसुरलं ट्रॉलीतून बाहेर जातं. एका कोपऱ्यात विटांचा हौद बांधून दोन्ही एकत्र कुजवायला काय हरकत आहे? वॉर्डन मॅडमनी जागा दाखवली आहे. सिव्हिलच्या मुलांनी हौद बांधायचं कबूल केलंय, थर्मामीटर आमच्या लॅबमधून मिळेल. रविवारी सकाळी आठ वाजता मेसच्या मागच्या दाराशी जमू या. येताना एक वही आणा, कारण पहिल्या दिवसापासून नोंद ठेवायची आहे.